काचेवरची मिरची

रस्त्यावरचे अपघात मी नोकरीत ढिगाने लिहिले आणि बहुतेक विसरले. हा एक मात्र आजही आठवतो, तो एका मिरचीमुळे.

मी तेव्हा बदलापूरला सहायक फौजदार होते. निवृत्तीला दीड वर्ष राहिलं होतं. नवरा पोलिसात होता, तो ड्युटीवर असताना गेला आणि त्याच्या जागी मला शिपाई म्हणून घेतलं. शिक्षण जिल्हा परिषदेच्या शाळेत सातवीपर्यंत. चढत चढत खांद्यावर एक स्टार आला. लोक म्हणतात, पोलिसाला कायदा यायला पाहिजे. मी म्हणते, आधी बघता आलं पाहिजे आणि बघितलं तेवढंच लिहिता आलं पाहिजे. यातलं दुसरं मला पुरतं येत नव्हतं, हे मला या केसनं दाखवून दिलं. नावं कोणाचीच देत नाही. सगळी माणसं हयात आहेत आणि त्याच भागात राहतात.

सकाळी सातच्या सुमारास कात्रपच्या रस्त्यावर एक बाई कंपनीच्या बसची वाट बघत उभी होती. वय पस्तिशीचं. अंबरनाथच्या एका कारखान्यात पॅकिंगला जायची, ठेकेदाराकडून. मागून एक गाडी आली, डाव्या अंगानं तिला उडवलं, थोडी पुढे जाऊन थांबली आणि मग निघून गेली. लोकांनी बाईला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं.

मी जागेवर पोचले तेव्हा रस्त्यावर एक चप्पल, डब्यातली सांडलेली भाजी आणि आरशाच्या काचा होत्या. नंबर कोणी घेतला नव्हता. एकानं गाडी पांढरी सांगितली, एकानं सिल्व्हर, एकानं निळसर. अपघाताच्या जागी दहा माणसं असली तर गाडीचे अकरा रंग निघतात. समोरच्या मिठाईच्या दुकानाला कॅमेरा होता. तो मालकानं स्वतःच्या गल्ल्यावर धरलेला होता. तिथं रस्त्याऐवजी नोकराचे हात दिसत होते.

दवाखान्यात जबाब घ्यायला गेले. उजव्या पायाचं हाड दोन ठिकाणी मोडलं होतं. शेजारी सासू बसली होती, मांडीवर पिशवी घेऊन.

"गाडी कोणती होती?" मी विचारलं.

"मला गाड्या कळत नाहीत, मॅडम."

"रंग?"

"पांढरा असेल. मिरची होती."

"काय होती?"

"मिरची. मागच्या काचेवर. लाल मिरची आणि तिला हिरवं देठ. मी खाली पडले होते ना, गाडी जरा पुढे थांबली तेव्हा दिसली. बाजूला पिवळं काहीतरी लिहिलेलं होतं. वाचता नाही आलं."

सासू म्हणाली, "पाय मोडला आणि हिला मिरच्या दिसल्या. घरात डोळ्यासमोरचं मीठ दिसत नाही कधी."

"आई, तुम्ही गप बसा जरा."

"गप बसते. घर चालवायला आता मीच जाते कंपनीत."

सासू तोंडाची फटकळ होती, पण बोलली ते खरं होतं. त्या घरात कमावणारी ही एकटी. नवरा दोन वर्षांपूर्वी वारलेला, मुलगी पाचवीत. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं की आज रॉड घालून हाड धरून ठेवतो, पण नंतर दुसरं ऑपरेशन लागेल. ते झालं नाही तर पाय आखूड राहील. आठ तास उभं राहून पॅकिंग करायचं काम आखूड पायानं होत नाही, हे सांगायला डॉक्टर लागत नाही.

आता वाचकांसाठी एक गोष्ट सांगून ठेवते, म्हणजे पुढचं समजेल. गाडी सापडलीच नाही तर जखमीला सरकारकडून जे मिळतं, त्यात दवाखान्याचंही भागत नाही. गाडी सापडली आणि तिचा विमा असला, तर अपघाताच्या कोर्टात दावा लावता येतो आणि भरपाई विमा कंपनीला द्यावी लागते. म्हणून मला आरोपीपेक्षा गाडी जास्त पाहिजे होती.

तपास माझ्याकडेच होता. मी कुळगावच्या बाजारात गेले. माझी जुनी सवय आहे, गाडीबद्दल काही विचारायचं तर जमिनीवर बसून विकणाऱ्यांना विचारायचं. गाड्या त्यांच्यासमोरून जातात आणि जाताना पाठ त्यांच्याकडे असते. उभ्या माणसाला हल्ली स्वतःच्या मोबाइलशिवाय काही दिसत नाही. भाजी विकणारी एक आगरी म्हातारी होती, तिला मिरचीचं विचारलं.

"ती त मसालेवालीची मिरची," ती म्हणाली. "कुलगावानच दुकान हाय तिचा. माजी सून तिकरंच मसाला दलते."

"गाडी आहे का तिची?"

"गारी कुठली गो तिची. स्कूटीवर फिरते पोर."

दुकान सापडलं. मसाला कांडपाचं मशीन, बाहेर बायकांची रांग, आत भिंतीवर बुद्धाची तसबीर. मालकीण तिशीची, नाकाला फडकं बांधलेलं. पाटीवर तीच मिरची. मी दोनदा शिंकले आणि ओळख सांगितली.

"तुझी ही मिरची कोणत्या कोणत्या गाडीवर आहे?"

"तीन," ती म्हणाली, आणि लगेच, "म्हणजे दोन."

माणूस पहिल्यांदा बोलतो ते खरं असतं. दुसऱ्यांदा बोलतो ते घरात ठरलेलं असतं. मी काही दाखवलं नाही. गाड्यांवर मिरची कशी आली ते विचारलं.

"दुकान उघडलं तेव्हा मी सगळ्यांना सांगितलं होतं, आहेर-बिहेर काही आणू नका. मग घरच्यांनी गाडीची काच दिली. म्हणाले, आहेर घेत नाहीस तर आमच्या काचेवर तुझं नाव लाव. उल्हासनगरला कॅम्प दोनमधून रेडियम कापून आणलं. दुकानाचं नाव, फोन नंबर, मिरची आणि खाली 'घरपोच मिळेल'."

आमच्याकडे हे सर्रास चालतं. भाच्याचा क्लास, मेहुण्याचं हॉटेल, वहिनीचं ब्यूटी पार्लर, सगळं नातं काचेवर. लावताना ना कोणी विमा कंपनीला विचारत, ना आरटीओला. आहेराला परवानगी कोण मागतो?

दोन गाड्या तिच्या भावाच्या आणि दिराच्या निघाल्या. भावाची आठवडाभर नाशिकला होती, ते टोलच्या नोंदीवरून पक्कं झालं. दिराची गॅरेजात इंजिन उघडून पडलेली होती. दोन्हींच्या काचेवर मिरची जागच्या जागी.

मी निघता निघता भिंतीवरचा उद्घाटनाचा फोटो बघितला. फीत कापताना एक पांढऱ्या मिश्यांचे गृहस्थ.

"हे कोण?"

"मामा. आई-वडील गेल्यावर त्यांनीच वाढवलं मला."

"मामांना गाडी आहे?"

"आहे. पण त्यांच्या गाडीवर लावायचं राहून गेलं."

ज्या मामानं वाढवलं त्याच्या गाडीवर लावायचं राहिलं आणि दिराच्या गाडीवर लागलं. हे मला पटलं नाही. सासरच्यांचा मान ठेवायचा असतो हे खरं, पण इतका नाही.

मामा कात्रपलाच राहत होते. अंबरनाथच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, सरळ उभे राहणारे गृहस्थ. इमारतीखाली त्यांची पांढरी गाडी होती. अख्ख्या गाडीवर धूळ आणि मागची काच तेवढी लख्ख. डावा आरसा कोरा करकरीत.

मी गाडी तपासणीसाठी ताब्यात घेतली आणि तिथंच पंचनामा केला. माझी पंचनाम्याची पद्धत अशी की जे दिसेल ते सगळं लिहायचं. छत्री एक, पाण्याची बाटली एक, पुढच्या कप्प्यात बामची डबी एक. डिकी उघडली तर आत चाकांची खुर्ची, घडी घातलेली, डिकी भरून.

"तेवढी खुर्ची काढून घेऊ दे, बाई," मामा म्हणाले. "मंडळींना लागते. अर्धांग झालंय. मंगळवार-शुक्रवार व्यायामाला न्यावं लागतं."

मी आधी लिहून घेतलं आणि मग खुर्ची दिली. आमचे साहेब तरुण फौजदार होते. कागद बघून म्हणाले, "बाई, अपघाताचा पंचनामा आहे. रुखवताची यादी नव्हे." मी म्हटलं, "असू द्या साहेब, शाई सरकारची आहे."

मग मामांना ठाण्यात बोलावून विचारपूस केली.

"गाडीवर भाचीची जाहिरात होती ना?"

"नाही."

"आरसा कधी बदलला?"

"झाले आठ-दहा दिवस. मोटारसायकलवाल्यानं तोडला, पार्किंगमध्ये."

"कोणत्या?"

"पळून गेला."

"तुम्ही त्या सकाळी सात वाजता कुठे होता?"

"घरी. मंडळींना उठवणं, चहा, औषध. दुसरं काय असतं मला?"

समोर चहा ठेवला होता, तो त्यांनी घेतला नाही. ठाण्याचा चहा हा माझा पंच आहे. ज्याच्या पोटात काही नाही तो माणूस चहा पितो आणि साखर जास्त झाली म्हणून कुरकुरतो. ज्याच्या पोटात काही आहे त्याच्या चहावर साय धरते. पण साय कोर्टात चालत नाही. गाडीवर जाहिरात होती हे सिद्ध होत नव्हतं, आणि बाईनं पाहिली होती ती फक्त जाहिरात. मी मामांना जाऊ दिलं.

गाडी आरटीओच्या तपासणीसाठी आमच्या आवारात उभी राहिली. ठाण्यासमोर तेव्हा रस्त्याच्या काँक्रीटचं काम चालू होतं. पिठाच्या गिरणीत बसल्यासारखी सगळ्यांच्या टोप्यांवर धूळ. चौथ्या दिवशी सकाळी हजेरी झाल्यावर मी चहाचा ग्लास घेऊन आवारात आले आणि जागच्या जागी थांबले.

काचेवर मिरची उगवली होती.

लाल नव्हे, धुळीची. देठासकट. वर दुकानाचं नाव, फोन नंबरातले बरेचसे आकडे आणि खाली ठळक, 'घरपोच मिळेल'. रेडियम ब्लेडनं खरवडून काढलं होतं आणि वरून ओलं फडकं मारलं होतं. पण त्याचा डिंक काचेला राहतो. डिंक दिसत नाही, धूळ मात्र धरतो. चार दिवसांत धुळीनं सगळं अक्षरनअक्षर पुन्हा लिहून ठेवलं होतं.

मी शिपायाला ओरडून सांगितलं की गाडीजवळ कोणी झाडू मारायचा नाही. समोरचा झेरॉक्सवाला आणि चहावाला यांना पंच म्हणून बोलावलं, फोटो काढले आणि दुसरा पंचनामा लिहायला बसले. गाडी सापडली होती. त्या बाईचा पाय वाचणार होता. मला फार बरं वाटलं, आणि बरं वाटलं की माणूस जास्त लिहितो. अक्षरं जशीच्या तशी उतरवून घेतल्यावर खाली मी एक वाक्य आपलं म्हणून टाकलं: 'यावरून सदर गाडी मसाल्याच्या दुकानाचा माल घरपोच देण्याकरिता वापरात असल्याचे दिसून येते.' साहेबांनी वाचलं आणि पहिल्यांदाच म्हणाले, "बाई, छान लिहिलंत." त्या वाक्यानं पुढे काय केलं ते येईलच.

त्याच दिवशी कॅम्प दोनला रेडियमवाल्याकडे गेले. सिंधी गृहस्थ, बोळातल्या दुकानात मशीनसमोर बसलेले. फोटो बघून म्हणाले, "हे तर माझंच काम आहे, मॅडम. ही मिरची मी स्वतः काढली कंप्यूटरवर. तीन गाड्यांचं एकदम केलं. बड़ा अच्छा परिवार आहे, मामाजींनी सगळ्यांना लस्सी पाजली."

"मामाजींची गाडी कोणती?"

"सफेद. पुसून पुसून थकवलं त्यांनी मला. बोलले, साईं, काच साफ पाहिजे, भाचीचं नाव लागतंय."

"नंतर आले होते का कधी?"

"आले नाहीत. फोन आला, पंधरा एक दिवस झाले. विचारलं, निकालने का तरीका क्या है. मी बोललो, ब्लेड मारा, मग रॉकेल लावा, गोंद निघून जाईल. तर बोलले, साईं, आजकल रॉकेल मिलता किधर है?" आणि ते हसले. मीही हसले. सरकारनं रॉकेल बंद केलं त्याचा असाही एक उपयोग.

दुसऱ्या दिवशी मामांना बोलावलं. आत नेलं नाही. आवारात गाडीच्या मागे नेऊन उभं केलं. ते काचेकडे बघत राहिले. मग पायरीवर बसले.

"बाईंना किती लागलंय?" त्यांनी विचारलं.

"पंधरा दिवसांनी विचारताय."

"दवाखान्याच्या दारापर्यंत दोनदा जाऊन आलो. आत जायचं झालं नाही."

मग सगळं सांगितलं. मंडळींची गोळी संपली होती, ती आणायला ते सकाळी निघाले होते. समोरून टेम्पो अंगावर आला म्हणून गाडी डावीकडे घेतली. धक्का बसला ते कळलं, पुढे थांबलेही. आरशात लोक जमलेले दिसले आणि गाडी पुढे काढली. घरी अर्धांग झालेली बायको एकटी होती. घरी गेल्यावर एका ओळखीच्याला फोन केला, जो लोकांची विम्याची कागदं भरून देतो. त्याला अपघाताचं बोलले नाहीत, नुसतंच विचारलं. तो म्हणाला, खासगी गाडीवर धंद्याची जाहिरात, त्यात घरपोच लिहिलेलं, म्हणजे ती धंद्याची गाडी झाली, विमा विसरा. भरपाई तुमच्याकडून आणि दुकानाकडून वसूल करतील.

"दुकान तिचं कर्जावर आहे, बाई. मला वाटलं, माझ्या एका धक्क्यानं पोरीचं दुकान जाईल. म्हणून काढून टाकलं. तिलाही मीच सांगितलं, दोन गाड्या म्हण."

"आणि त्या बाईचा पाय?"

मी त्यांना चहा मागवला. या वेळी प्यायले.

मला त्यांचा राग आला होता आणि तो मी लपवला नाही. पण खोटं सांगायचं नाही, छातीवरचा धोंडाही उतरला होता. गाडी सापडली, विमा चालू होता, माणूस कबूल झाला. निष्काळजीपणे गाडी चालवणं, जखमीला मदत न करता निघून जाणं आणि पुरावा नाहीसा करणं, असं सगळं त्यांच्यावर लागलं. पुढे कोर्टात गुन्हा कबूल केला. दंड झाला, कोर्ट उठेपर्यंतची शिक्षा झाली, लायसन्स काही काळ गेलं. जाहिरातीला परवानगी घ्यायची असते हे घरात कोणालाच ठाऊक नव्हतं. त्याचा दंड वेगळा.

मी निवृत्त झाले. माझ्या लेखी ते प्रकरण संपलं होतं. अपघाताला दोन वर्षं झाली तेव्हा दाव्याच्या कोर्टातून साक्षीचं समन्स आलं.

त्या बाईचा वकील मला आधी भेटला. म्हणाला, "बाई, घोटाळा झालाय. विमा कंपनी म्हणते, विमा खासगी वापराचा होता आणि गाडी धंद्याला होती. अटीचा भंग झाला, आम्ही बांधील नाही."

"जाहिरात लावली म्हणून?"

"नुसत्या जाहिरातीनं त्यांचं भागलं नसतं. गाडीतून माल नेत होते हे दाखवावं लागतं. त्यासाठी त्यांच्याकडे एकच कागद आहे. तुमचा पंचनामा."

त्यानं मला माझंच वाक्य वाचून दाखवलं. मी माल बघितला नव्हता. अक्षरं बघितली होती. ब्लेड चालवून मामांनी जेवढं बिघडवलं नव्हतं, तेवढं मी पेन चालवून बिघडवलं होतं. बाईचं दुसरं ऑपरेशन या दाव्यावर अडून राहिलं होतं. विमा कंपनी सुटली तर तिला मामांच्या मागे लागावं लागणार, आणि मामांकडे एक फ्लॅट आणि एक खुर्चीला खिळलेली बायको. वरच्या कोर्टात जाता आलं असतं, पण मोडलेल्या पायाला तारखा कळत नाहीत. त्या आठवड्यात मला जेवण गेलं नाही.

साक्षीच्या दिवशी कोर्टात ती बाई काठी घेऊन बसली होती, शेजारी सासू. पलीकडे मामा आणि मसालेवाली. मसालेवालीची साक्ष आधीच झाली होती. घरपोच माल ती स्कूटीवरून देते, पुढे क्रेट बांधून. पण ती आरोपीची भाची. तिच्या शब्दाला कोण विचारतं?

विमा कंपनीच्या वकिलानं मला कागद दिला. "हे अक्षर तुमचं?"

"माझंच."

"शेवटचं वाक्य मोठ्यानं वाचा."

मी वाचलं.

"म्हणजे गाडी धंद्याला वापरली जात होती."

"तसं नाही."

"तुम्हीच लिहिलंय."

"लिहिलंय, आणि चुकीचं लिहिलंय. मी काचेवरची अक्षरं बघितली. माल बघितला नाही. अक्षरांवरून माल मी मनानं धरला. तो माझा आगाऊपणा."

"हे निवृत्त झाल्यावर सुचलं का?"

"सुचलं केव्हाही, चूक ती चूकच. मनानं लिहिलेलं वाचलंत, आता डोळ्यांनी बघून लिहिलेलं वाचा. पहिल्या पंचनाम्याचं दुसरं पान."

न्यायाधीशांनी तो कागद मागून घेतला आणि स्वतः वाचला. 'डिकीमध्ये चाकांची खुर्ची एक, घडी केलेली, तिने डिकी पूर्ण भरलेली. मागील सीटवर छत्री एक, पाण्याची बाटली एक, पुढील कप्प्यात बामची डबी एक. अन्य काही मिळून आले नाही.'

"ही खुर्ची काढली तर डिकीत किती जागा?" त्यांनी विचारलं.

"खुर्ची काढून चालतच नव्हतं, साहेब. मी गाडी घेतली तेव्हा मालकानं गाडी मागितली नाही, खुर्ची मागितली. आधी लिहून मग दिली."

"गाडीत मसाल्याचा वास येत होता?"

मसाल्याच्या दुकानात मी दोनदा शिंकले होते. मिरची एकदा कापडात शिरली की धुतल्यानंही जात नाही.

"नाही, साहेब. बामचा येत होता."

कोर्टात कोणीतरी हसलं. न्यायाधीश हसले नाहीत, त्यांनी लिहून घेतलं. कंपनीच्या वकिलानं आणखी दोन प्रश्न विचारले, पण उभं राहायचं म्हणून विचारले.

बाहेर व्हरांड्यात सगळे एकाच बाकावर आले, कारण बाक एकच होता. मसालेवालीनं पिशवीतून एक पुडा काढून त्या बाईपुढे धरला. "ताई, घरचा आहे."

सासूनं पुडा मध्येच घेतला. "हिचा पाय मोडला मिरचीनं, आणि आता वर मिरचीच खायची का?"

"आई, द्या इकडे," बाई म्हणाली.

"देते ग. तिखट किती आहे बघू तर दे," म्हणत सासूनं पुडा उघडून वास घेतला, दणदणीत शिंकली आणि पुडा स्वतःच्या पिशवीत टाकला. मामांकडे बघून म्हणाली, "तुम्ही ओ, मंडळी कशा आहेत?" मामांनी बाकावर सरकून तिला जागा करून दिली.

महिनाभरानं वकिलाचा फोन आला. निकाल लागला होता. धंद्याचा वापर सिद्ध झाला नाही, भरपाई विमा कंपनीनं द्यायची. मी फोन ठेवला, वाटीभर आमटी-भात जेवले आणि दुपारी झोपले ते संध्याकाळी पाचला उठले.

मी वकील नाही, तेव्हा कायदा शिकवत नाही. पण लोक विचारतात म्हणून सांगते. खासगी गाडीवर कोणाची जाहिरात लावायची असेल तर आधी आरटीओत विचारा आणि विमा कंपनीला लेखी कळवा. त्यांचं उत्तर गाडीच्या कागदांत ठेवा. जाहिरात लावली म्हणून विमा लगेच बुडत नाही. तीच गाडी मालाला किंवा भाड्याला लावली, तर मात्र तुमचा विमा तुमचा राहील असं धरू नका. आणि अपघात झालाच तर थांबा. त्या मामांना जाहिरातीनं बुडवलं नव्हतं. ब्लेडनं बुडवत आणलं होतं. उडत उडत ऐकलेल्या सल्ल्यावर त्यांनी ब्लेड उचललं. खरं सांगून थांबले असते तर त्या बाईची दोन वर्षं वाचली असती.

त्यांना बोलायचा मला अर्धाच हक्क आहे. त्यांनी होतं ते खरवडून काढलं, मी नव्हतं ते लिहून ठेवलं. एकतीस वर्षं नोकरी करून मला या केसमध्ये कळलं की पंचनाम्यात आपलं मत म्हणजे दुसऱ्याच्या ताटात आपलं मीठ. हल्ली ठाण्यातल्या नव्या मुली कधी भेटायला आल्या तर त्यांना मी एवढंच सांगते: खुर्ची लिहा, छत्री लिहा, बामची डबी लिहा. साहेब हसले तर हसू द्या. 'यावरून दिसून येते' एवढं मात्र लिहू नका.

मागच्या हिवाळ्यात कुळगावच्या बाजारात मला ती बाई दिसली. ऑपरेशन होऊन बरेच महिने झाले होते. हातात काठी नव्हती, दोन जड पिशव्या होत्या आणि ती गर्दीतून तरातरा चालली होती. तिच्या मागून वीस पावलांवर सासू येत होती, धापा टाकत.

"अगं हळू चाल की जरा," सासू ओरडत होती. "पाय नवा तुझा आहे. माझे जुनेच आहेत."